लिंबू-संत्र्याच्या आयसिंग कुकीज : बाजारातील स्वादांची पारख

शुगर कुकी हा अगदी मोजक्या साहित्याचा पदार्थ आहे. मैदा, बटर, साखर, बांधणीपुरते अंडे किंवा दूध आणि वर साखरेचा थर, एवढ्यावर तो उभा राहतो आणि म्हणूनच त्यात घातलेला स्वाद कशाच्याही आड लपत नाही. चॉकलेटच्या केकमध्ये हलक्या प्रतीचा इसेन्स खपून जातो, पण लिंबाच्या कुकीत तो पहिल्याच घासाला ओळखू येतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील बेकिंग साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात लिंबू, संत्रे, लाइम, मोसंबी अशा नावांच्या बाटल्या, पुड्या आणि तयार किट यांची आता इतकी गर्दी झाली आहे, की घरी हौसेने कुकी करणाऱ्याने यातील नेमके काय घ्यावे हे सांगणारे परीक्षण आवश्यक वाटले. येथे मी कंपन्यांची तुलना केलेली नाही, प्रकारांची केली आहे, कारण एकाच प्रकारातील दोन कंपन्यांच्या मालात जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी अधिक फरक इसेन्स, इमल्शन आणि ताजी साल यांच्यात पडतो.

सर्व स्वाद एकाच पिठावर पाहिले आहेत. २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बिनमिठाचे बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा बलक किंवा दोन मोठे चमचे दूध, पाव चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ असे हे प्रमाण आहे. पीठ मळल्यावर तासभर फ्रिजमध्ये ठेवावे, साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीचे लाटावे, कापून झालेल्या कुकीज पुन्हा थोड्या गार कराव्यात आणि १७० अंश सेल्सिअसवर दहा ते बारा मिनिटे, म्हणजे कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत भाजाव्यात. ज्यांच्या घरी दिवाळीत नानकटाई होते त्यांना हे पीठ परके वाटणार नाही. फरक इतकाच, की नानकटाई फुलून तडकायला हवी आणि ही कुकी सपाट राहायला हवी, नाहीतर तिच्यावर आयसिंग नीट बसत नाही.

अमेरिकन पाककृती वापरणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करून ठेवतो. तिकडची बटरची एक ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची असते आणि आपल्याकडचे छोटे पाकीट १०० ग्रॅमचे, त्यामुळे स्टिकऐवजी पाकीट धरले की पीठ कोरडे होते. आपल्या घरात सहसा असते ते पिवळे बटर खारट असते आणि लिंबाच्या नाजूक स्वादाला ते मारक ठरते. बिनमिठाचे बटर थोडे महाग पडले तरी या कुकीसाठी तेच आणावे. मैद्याचा कपही चमच्याने हलक्या हाताने भरला तर १२० ते १२५ ग्रॅमचा होतो आणि दाबून भरला तर त्यात पंचवीस-तीस ग्रॅम सहज अधिक मावतात, म्हणून वजनकाटा हे या छंदातील सर्वांत उपयोगी साधन आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा प्रकार म्हणजे इसेन्स. छोट्या बाटलीत मिळणारे हे पातळ द्रावण बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकात केलेले असते आणि लेबलवर ते आयएनएस (खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांची आंतरराष्ट्रीय क्रमावली) १५२० या क्रमांकाने दिसते. त्यातील स्वाद नैसर्गिक आहे, नैसर्गिकासारखा आहे की कृत्रिम आहे हे लेबलवर लिहावे लागते. बाटलीच्या दर्शनी भागावरील लिंबाच्या चित्रापेक्षा मागच्या बाजूची ती एक ओळ वाचणे अधिक महत्त्वाचे. संत्र्याचा इसेन्स घातलेली कुकी ओव्हनमधून निघते तेव्हा घरभर वास सुटतो, पण गार झालेली कुकी खाताना जे जाणवते ते संत्रे नसते, ती लिमलेटची गोळी असते. ज्यांना ती गोळी आवडते त्यांनी इसेन्स अवश्य वापरावा, लहान मुलांच्या वाढदिवसाला तो उत्तम चालतो. मात्र प्रमाण थेंबांत मोजावे, कारण पाव चमच्यापेक्षा थोडा जरी जास्त पडला तरी जिभेवर औषधासारखी कडवट चव राहते. लिंबाचा इसेन्स माझ्या मते याहून वाईट ठरला. गरम असताना कुकीला भांडी घासायच्या साबणासारखा वास येत होता, आणि तो दोष सर्वस्वी इसेन्सचाही म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे लिंबाचा कृत्रिम वास इतक्या साबणांत घातला जातो, की नाकाला आता त्याचीच आठवण आधी होते.

ओव्हनमध्ये या स्वादाचे काय होते हे समजून घेतले तर पुढची निवड सोपी जाते. संत्रे, मोसंबी, लिंबू या फळांचा वास रसात फारसा नसतो, तो सालीच्या रंगीत थरातील बारीक तैलग्रंथींत असतो. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. लिंबाच्या तेलातही तेच अधिक असते, पण लिंबाला लिंबूपण येते ते त्यातील थोडक्या सिट्रलमुळे. लिमोनीन १७६ अंशांवर उकळते, म्हणजे आपल्या ओव्हनच्या तापमानाच्या अगदी जवळ, आणि पिठातील पाण्याची वाफ होताना ते तिच्याबरोबर त्याआधीच उडू लागते. ही सर्व द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज मुरतात. म्हणून जो स्वाद बटरमध्ये किंवा साखरेत आधी मुरवलेला असतो तो भाजल्यानंतर बऱ्यापैकी टिकतो, आणि जो शेवटी वरून शिंपडलेला असतो तो घरभर दरवळून संपतो. घरात सुटणारा घमघमाट ही तारीफ नसून नुकसान आहे, हे बेकिंग करणाऱ्याने मनाशी पक्के धरावे.

या कसोटीवर इमल्शन हा प्रकार इसेन्सच्या बराच पुढे आहे. यात सालीचे तेल किंवा तत्सम स्वाद गम अकेशिया, म्हणजे आपल्या ओळखीचा बाभळीच्या जातीचा डिंक, किंवा तसाच एखादा दाट पदार्थ वापरून पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो उष्णतेत इसेन्सइतका झटकन उडत नाही. इमल्शन दाट, बहुधा रंगीत असते आणि बाटली वापरण्यापूर्वी हलवावी लागते. संत्र्याच्या इमल्शनची कुकी दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागली, आणि बाटलीतील स्वादांत हा अनुभव दुसऱ्या कोणत्याच प्रकाराने दिला नाही. तक्रार दोन बाबतींत आहे. पहिली म्हणजे रंग : अनेक इमल्शनांत सनसेट यलो किंवा टारट्राझिन मिसळलेले असते, लेबलवर ते अनुक्रमे आयएनएस ११० आणि १०२ असे दिसते, आणि त्यामुळे पांढऱ्या आयसिंगला नको असताना केशरी किंवा पिवळी झाक येते. दुसरी तक्रार म्हणजे हा वास पाश्चात्त्य गोड संत्र्याचा असतो. आपले नागपुरी संत्रे मँडरिन जातीचे आहे, त्याच्या सालीचा वास वेगळा, किंचित फुलासारखा आणि अधिक भारदस्त असतो, आणि तो मी पाहिलेल्या कोणत्याही बाटलीत आढळला नाही. संत्रा बर्फी खाऊन मोठ्या झालेल्या नागपूरकरांना हा फरक सांगावा लागणार नाही.

सालीचे शुद्ध तेल हा प्रकार चौथा-पाचवा थेंब पडण्याआधी थांबता येणाऱ्यांसाठी आहे. वरील प्रमाणाला तीन-चार थेंब पुरतात आणि ते मऊ बटरमध्ये थेट घोटले, तर स्वाद ताज्या सालीच्या बराच जवळ जातो. पण येथे खरेदी करताना विशेष सावधगिरी हवी. ‘एसेन्शियल ऑइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्या खोलीत सुगंध पसरवण्यासाठी किंवा त्वचेसाठी असतात, त्या खाण्याच्या नसतात, आणि ऑनलाइन शोधात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात. बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक नसेल तर ती स्वयंपाकघरात आणूच नये. शिवाय उघडलेल्या बाटलीतील लिमोनीन हवेने हळूहळू बिघडते आणि त्याला रंगाच्या दुकानातील टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. वर्षातून दोनदा कुकी करणाऱ्याने ही बाटली घेणे म्हणजे बहुतांश तेल फेकून देण्याची तयारी ठेवणे होय. घेतलीच तर फ्रिजमध्ये, अंधारात आणि घट्ट झाकणाने ठेवावी.

वाळवलेल्या संत्र्याच्या सालीच्या पुडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर अधिक शब्द खर्च करण्यासारखे काही नाही. ती मुख्यतः चेहऱ्याच्या लेपासाठी विकली जाते आणि तिने तेथेच राहावे. वाळवताना सुवास निघून जातो, आतील पांढरा भाग साल दळताना सोबत येतो, आणि कुकीला उरतो तो कडवटपणा आणि दातांखाली येणारी कचकच.

तयार किटचे आकर्षण मात्र मी समजू शकतो. मैद्याचे मिश्रण, आयसिंगची पुडी, पाइपिंगच्या पिशव्या, फुलापानांचे साचे असे सर्व एका डब्यात येते आणि मुलांसोबत रविवारची दुपार घालवण्यासाठी ते सोयीचे असते. ‘लेमन शुगर कुकी’ या नावाचा जो डबा परीक्षणासाठी घेतला त्याच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण दोष त्या एका डब्यापुरता नसावा. झाकणावर लिंबाच्या रसरशीत चकत्या होत्या आणि घटकांच्या यादीत लिंबू कोठेच नव्हते. होते ते सायट्रिक ॲसिड, कृत्रिम स्वाद आणि पिवळा रंग. सर्वांत मोठी अडचण अशी, की हा स्वाद मैद्यातच मिसळलेला होता, त्यामुळे तो कमी करणे हातात नव्हते. कुकीचा पोत निर्दोष होता हे मान्य केले पाहिजे, आणि साचेही पुढे कित्येकदा वापरता येतील असे होते. पण मैदा आणि साखर घरात असताना या डब्यासाठी दिलेले पैसे प्रत्यक्षात साच्यांसाठी दिलेले असतात, आणि साचे सुटेही मिळतात.

आता बाटल्या बाजूला ठेवून भाजीच्या पिशवीकडे येऊ. आपले कागदी लिंबू हे पाश्चात्त्य पाककृतींतील पिवळे लेमन नव्हे, ते आम्ल लाइम आहे. त्याची साल नावाप्रमाणे कागदासारखी पातळ असते आणि त्याचा वास अधिक तीव्र असतो. जे पाककृतीत ‘एका लेमनची साल’ वाचून एका कागदी लिंबावर भागवतात त्यांच्या कुकीला चव येत नाही. वरील प्रमाणाला चार मध्यम लिंबांची साल लागते. पातळ सालीमुळे किसणी लगेच पांढऱ्या भागापर्यंत पोहोचते आणि कडूपणा तेथूनच येतो, म्हणून दाब न देता, फळ फिरवत, एका जागी एकदाच किसावे. हिरवट-पिवळी, घट्ट सालीची लिंबे निवडावीत. पूर्ण पिवळ्या, मऊ पडलेल्या लिंबांत रस भरपूर असतो, पण सालीचा ताजा वास कमी झालेला असतो. या कामासाठी बारीक दातांची लांब पट्टीसारखी किसणी मिळते आणि ती घेण्यासारखी आहे. आल्याच्या किसणीवर साल किसली जाते, पण अर्धी दातांतच अडकून राहते.

संत्र्याची साल किसणे हे वेगळेच प्रकरण आहे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याची साल फळापासून सुटी, फुगीर असते. सोलायला ती जितकी सोयीची, तितकीच किसायला गैरसोयीची, कारण हाताखाली ती दबते आणि फाटते. उपाय असा, की फळ किसण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि शक्यतो घट्ट सालीचे निवडावे. पोकळ वाजणारे संत्रे खाण्यासाठी ठेवावे. एवढा खटाटोप करून मिळालेला स्वाद मात्र या परीक्षणातील सर्वांत श्रीमंत होता. मोसंबी याच्या नेमकी उलट आहे. तिची साल घट्ट, जाड आणि किसायला आदर्श असते, पण तिचा वास सौम्य, काहीसा गवतासारखा असल्याने एकटीच्या बळावर ती कुकी तोलू शकत नाही. मोसंबी आणि कागदी लिंबू यांची साल दोनास एक या प्रमाणात मिसळली तर तो स्वाद अत्यंत प्रसन्न येतो, आणि संत्र्यांचा हंगाम नसताना माझी पहिली पसंती त्यालाच आहे. आयात केलेल्या चकचकीत संत्र्यांवर मेणाचा लेप असू शकतो, म्हणून ती कोमट पाण्यात ब्रशने घासून, पूर्ण कोरडी करूनच किसावीत.

किसलेली साल मैद्यात टाकू नये. ती पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळावी, साखर ओलसर आणि सुगंधी झाली की त्यात बटर घालून फेसावे. साखरेचे कण तैलग्रंथी फोडतात आणि तेल थेट चरबीत उतरते. दाणेदार साखरेने हे काम अधिक चांगले होते, म्हणून पिठीसाखर घरी मिक्सरमध्ये करणाऱ्यांनी साल आधी दाणेदार साखरेसोबत चोळून मग ती दळावी. कुकीच्या पिठात रस मात्र अजिबात घालू नये. रस म्हणजे मुख्यतः पाणी, आणि पाण्याने मैद्यातील ग्लुटेन हे चिवट प्रथिन जागे होऊन कुकी खुसखुशीत न राहता चिवट होते. आंबटपणामुळे तिला सोनेरी रंगही चढत नाही, आणि पाककृतीत सोडा असेल तर तो आंबटपणाही सोड्याशी झगडून नाहीसा होतो.

रसाची जागा वरच्या थरात आहे. १५० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये चार ते पाच लहान चमचे लिंबाचा रस हळूहळू घालून केलेले साधे ग्लेझ हे माझ्या मते या कुकीचे सर्वोत्तम फ्रॉस्टिंग आहे : भाजलेल्या कुकीत सालीचा सुवास, वर रसाचा आंबटपणा, आणि साखरेचा गोडवा त्या दोहोंच्या धाकात. येथे विकतची आयसिंग शुगर घ्यावी, कारण तिच्यात थोडा कॉर्नफ्लोअर असतो आणि ती कणविरहित असते. घरच्या पिठीसाखरेचे ग्लेझ कितीही चाळले तरी किंचित खरखरीत लागते. संत्र्याच्या रसाचे ग्लेझ तुलनेने निस्तेज लागते, त्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घातला तर ते जागे होते.

नक्षीकाम करायचे असेल तर रॉयल आयसिंग लागते आणि तेथे बाटलीला न्याय दिला पाहिजे. अंड्याचा पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर यांच्या फेसावर उभे राहणारे हे आयसिंग तेलाच्या अंशानेही बसते, म्हणून सालीचे शुद्ध तेल येथे निषिद्ध आहे, आणि किसलेली साल पाइपिंगच्या नळीत अडकते. थोडेसे रंगविरहित इमल्शन येथे ताज्या फळापेक्षा सरस ठरते. कच्चे अंडे नको असलेल्यांनी मेरिंग पावडर घ्यावी, परंतु तीही अंड्याचीच असते आणि पाकिटावर मांसाहाराची खूण असते हे शाकाहारी पाहुण्यांसाठी करताना विसरू नये. छोले उकडलेल्या पाण्याच्या फेसावर केलेले आयसिंग हा चालण्यासारखा पर्याय आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात रॉयल आयसिंग रात्रभर ठेवूनही चिकट राहते. पंखा आणि वातानुकूलित खोली नसेल तर त्या दिवसांत त्याच्या वाटेला जाऊ नये. बटरक्रीमबद्दल तर वर्षातील आठ महिने हेच म्हणता येईल, कारण बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्या उन्हाळ्यातील दुपार त्याहून गरम असते.

खरेदीचा सल्ला विचारला तर एक चांगली किसणी, बिनमिठाचे बटर, आयसिंग शुगर आणि नक्षीची हौस असेल तरच संत्र्याच्या रंगविरहित इमल्शनची एक छोटी बाटली, एवढे पुरे. विदर्भातील आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. त्या दिवसांत खाण्यासाठी आणलेल्या संत्र्यांची साल सोलण्यापूर्वी किसून, दुप्पट साखरेत चोळून, हवाबंद डबीत फ्रीझरमध्ये ठेवली तर ती पुढील तीन-चार महिने चांगली टिकते. पीठ करताना ती साखर मूळ प्रमाणातून वजा करून थेट बटरमध्ये घालावी. वितळू देण्याची गरज नाही.